अर्धी धून

शो सुटायच्या आधीच बाहेर यायचा
हिंदुराव खोत, रिटायर हवालदार.
पडद्यावर गोळी लागून नायक कोसळायचा,
व्हायोलिनं भरून यायची,
तेवढ्यात हा उठायचा,
अंधारात लोकांचे गुडघे ओलांडत.

'तितं असलं काय वाजत न्हाई, पोरा.
कान बसत्यात. मग निस्ता
कुणाचा तरी जेवणाचा डबा
वाऱ्यानं खडखडत ऱ्हातोय.'

पण गंगावेशीत, दूधकट्ट्यावर,
म्हशीच्या कुशीला कपाळ टेकून
तीच धून शिट्टीवर धरायचा, सावकाश,
धारेच्या ठेक्यात.
आणि मधेच थांबायचा.

पुढचं त्यानं
कधी ऐकलंच नव्हतं.

म्हैस तेवढ्यावरच पान्हा सोडायची.
आम्ही गिऱ्हाइकं, हातात कोमट पेले,
फेस बसेपर्यंत
कुणी ओठाला लावायचं नाही.