पट्ट्याचा लव्हाळा

काबरांची तिसरी स्लॅब पडली
आणि माझ्या बागेचं ऊन संपलं.
बाग म्हणजे काय, घराची भिंत आणि कंपाउंड
यांच्या मधली अडीच फुटांची चिंचोळी जागा.
मोगऱ्यानं आधी कळ्या सोडल्या, मग पानं.
तुळस उचलून गच्चीवर नेली.
राहिली सावली,
आणि टाकीच्या गळक्या नळीखालचा चिखल.
दहा दिवसांनी नळ येतो या परभणीत,
तिथे ही ओल कुणाला दाखवायची नाही अशी.

जिंतूर रोडच्या नर्सरीत खदीरभाईंना म्हटलं,
अंधारात जगेल असं काही द्या.
त्यांनी जाळीखालून एक काळी पिशवी ओढली.
बारीक, झुकलेली पाती,
प्रत्येकीच्या कडेला पांढरी रेघ,
वहीला समास आखावा तशी.
"पुण्याचा माल आहे. एकशेऐंशी."
मी एक देठ चिमटीत धरून फिरवला.
फिरेना. तीन धारा लागल्या बोटांना.
गवत असं अडत नाही.
"खदीरभाई, हा तर लव्हाळा."
"लव्हाळाच आहे बाजी," ते म्हणाले,
"पण पट्ट्याचा."

मानवतच्या शिवारात
आई सहा रुपये रोजानं हाच उपटायची.
कापसाच्या ओळीत गुडघ्यांवर सरकत.
पात हातात यायची, गाठ खालीच राहायची.
"ह्याला शिव्या बी लागत न्हाईत," म्हणायची.
दिवाळीच्या आधी त्याच गाठी
वाळवून, कुटून, उटण्यात.
वर्षभर जिचं तोंड बघायचं नाही
तिचा वास एक दिवस अंगाला.

मी एकशेऐंशी मोजले.
आईचा एक महिना.

काळ्या मातीत रेती घातली, कुजका पाला घातला,
वीतभर अंतरावर तीन गड्डे लावले.
निघताना खदीरभाईंनी बजावलं होतं,
उन्हात नका ठेवू, पांढरं आधी जळतं.

हे मला सांगायला नको.
एकोणिसाव्या वर्षी मनगटावर तिळाएवढा ठिपका आला,
मग बोटं, मग कोपरापर्यंत.
पोस्टाच्या काउंटरवर एकतीस वर्षं,
मे महिन्यातही पूर्ण बाह्या.
लोक सुटे पैसे हातावर ठेवत नसत,
काचेखालून सरकवत.
मनिऑर्डरचा फॉर्म मात्र माझ्याकडूनच भरून घेत.
अक्षर चांगलं होतं माझं.

पोळा झाला आणि मधल्या गड्ड्यातून
एक फुटवा वर आला, सबंध हिरवा.
जाड, ताठ, निगरगट्ट.
फोन केला.
"मुळापासून काढा बाजी. हिरवं जोरात वाढतं.
ठेवलं तर वर्षात पट्टा दिसायचा नाही."

आईचं खुरपं आहे माझ्याकडे,
मूठ दोनदा बदललेली.
बाह्या वर सारून उकिडवी बसले.
लव्हाळ्यातून लव्हाळा खुरपायचा,
साधा काढून पट्ट्याचा राखायचा.
आई म्हणाली असती, याड लागलं काय गं.
गाठीसकट निघाला तो, अख्खा.
फेकायला हात उचलला
आणि गेटजवळच्या नालीकाठी नेऊन खोचला.
उन्हात. त्याला चालतं.

वरच्या गॅलरीतून काबरांची नवी सून वाकली.
"मावशी, ते पांढरं काय आहे हो? किती छान दिसतंय."

माझे दोन्ही हात उघडे, कोपरापर्यंत माती.
क्षणभर कळेना,
ती कशाबद्दल विचारतेय.

"लव्हाळा," मी म्हटलं.
"खाली ये. फुटवा काढून देते."