परिशिष्ट क

तीन कंपन्या, एक विद्यापीठ, आणि मी.
उद्योग समन्वय कक्ष, दुसरा मजला, कलिना.
सात महिने टेबलावर एकाच कराराचे मसुदे,
अकरावा इतका जाड
की पंख्याखाली बाकीचे दहा तोच दाबून धरतो.

विषय तसा सोपा : समुद्राकाठच्या काँक्रीटमध्ये
सळई गंजायला लागली की आतूनच सांगेल
असा एक सेन्सर, करंगळीच्या पेराएवढा.
महाप्याची कंपनी चिप बनवणार,
चेंबूरची सिमेंट देणार,
तिसरी काय देणार
हे तिसऱ्या बैठकीपर्यंत कळलं नव्हतं.
मग कळलं : वकील.

निमकर वकील. आवाज मऊ, पेन्सिल टोकदार.
'संयुक्त' या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली
आणि विचारलं, संयुक्त म्हणजे किती?
डाबरे सर म्हणाले, म्हणजे सगळ्यांचं.
निमकर हसले.
मग चेंबूरवालेही हसले, उशिरा.

आपल्या भाषेत 'आपण' वेगळं, 'आम्ही' वेगळं.
मसुद्याच्या इंग्रजीत दोघांना मिळून एकच शब्द,
त्यात कोण आत, कोण बाहेर, कळायची सोय नाही.
रात्री कांजूरला भांडी विसळताना
कलम सात मी मराठीत लावून बघायचे :
इथलं ते 'आपण', की 'आम्ही'?
बहुतेक ओळींत 'आम्ही'च निघायचं
आणि हातातला कुकर तसाच राहायचा.

कलम सात, पोटकलम तीन :
निष्कर्ष अठरा महिने प्रसिद्ध करू नयेत.
रेवती तांडेलची फेलोशिप उरली होती चौदा महिने.
ही वजाबाकी तिनं कँटीनच्या बिलामागे केली,
बिल माझ्यासमोर ठेवलं, आणि
चहाचे पैसेही तिनंच दिले.

तोवर शिवडीच्या धक्क्यावर
तिचे काँक्रीटचे ठोकळे दोरीला लटकत होते,
भरतीच्या रेषेवर, पुस्तकात सांगितल्याबरहुकूम.
पहारेकरी इस्माईल परकार दोन आठवडे नुसते बघत राहिले.
मग म्हणाले, पोरी, बार्ज गेली की लाट कुठवर उडते बघ.
तिथं भिजतं, सुकतं, पुन्हा भिजतं. लोखंडाला तेच खातं.
पाण्यात बुडालेलं काय, ते झोपलेलं असतं.
दीड हात वर बांध.

तिनं बांधले.

परिशिष्ट क म्हणजे पूर्वज्ञान :
कुणी काय घेऊन आलं त्याची पक्षनिहाय यादी.
चिपचा आराखडा, सिमेंटचं मिश्रण, सरांची दोन समीकरणं.
शेवटी मी टाइप केलं : दीड हात. इस्माईल परकार, शिवडी.
निमकरांनी चष्मा वर केला. हे पक्षकार नाहीत.
बरोबरच होतं त्यांचं.
त्यांनी ओळ खोडली, पण पेन्सिलीनं,
आणि इतकी हलकी
की मला क्षणभर वाटलं, मुद्दामच.

अठराचे नऊ झाले.
कुणाला पाझर फुटला म्हणून नव्हे.
तिसऱ्या कंपनीच्या साहेबांचं पाचचं विमान होतं
आणि साडेतीन वाजून गेले होते.
बाराव्या मसुद्यावर सह्या झाल्या,
एकाचं पेन चालेना, माझं नेलं,
अजून परत आलेलं नाही.

इतिवृत्त लिहायचं काम माझं.
ते कुणी वाचत नाही, हाच त्याचा गुण.
धक्क्यावरच्या पाहणीचं मी असं लिहिलं :
उपस्थित – डाबरे, निमकर, तांडेल, परकार.
पुढच्या बैठकीत विषय क्रमांक एक :
मागील इतिवृत्त वाचून कायम करणे.
न वाचता, एकमतानं, कायम झालं.

काल पहाटे पाच दहाला रेवतीचा मेसेज :
ठोकळा चारनं आकडा दिलाय.
चाचांना आधी सांगितलं, मग तुम्हाला.
गंज चढतोय, मॅडम, आपल्याला गंज चढतोय!
झोपेत मी दोनदा वाचलं,
व्याकरण तपासलं,
आणि काहीही न सुधारता
सरांना पुढे पाठवलं.