परतीची तार

पहाटे पाचला किल्ली फिरवली
आणि 'कांदेलारिया' कण्हली.
खुर्र... मग खुर्र...
आणि मधे एवढी फट
की तेवढ्यात एखाद्यानं विचार बदलून
घरी निघून जावं.

धक्क्यावर तिघं उभी होती:
कास्त्रोच्या दवाखान्यात नऊची वेळ मिळालेली दोन्या एदुविना,
दप्तर पोटाशी धरलेली एक पोरगी
आणि सालमनच्या पिंजऱ्यांवर कामाला जाणारा, कानात वायरी घातलेला, कुणाचा तरी मुलगा.
कोणी काही बोललं नाही.
आमच्या बेटावर पावसाला आणि इंजिनाला
तोंडावर कोणी नावं ठेवत नाही.

बॅटरी मागच्याच महिन्यात घेतली होती,
चार कोकरं विकून.
त्याआधी स्टार्टर पोत्यात बांधून कास्त्रोला नेला होता:
ब्रश नवे, बुश नवं, बिल नवं.
त्याच्याही आधी सोलेनॉइड.
दुखणं रेड्याला, डाग पखालीला,
आणि पखाली काय इथं झाडाला लागतात?

मीटर लावला तर बारा पूर्णांक सात.
नाडी ठणठणीत
आणि रोगी अंथरुणातून उठेना.

शेवटी फ्रोइलान चिगुआयला बोलावलं.
त्याचे कान चाळीस वर्षं डिझेलशेजारी बसून गेलेत.
मी खुणेनं सांगितलं, ऐक ना, कशी कण्हते.
तो हसला. मग लाकडावर तळवा ठेवला,
म्हणाला, फिरव. दहा मोजेपर्यंत.
मी सातपर्यंतच मोजले, बॅटरीची दया येऊन.

मग तो ओणवा झाला
आणि एकेक जोड बोटानं चाचपत गेला,
उकडलेला बटाटा सोलता येईल का बघावं तसा.
लाल तार, बॅटरीकडचं टोक: गार.
स्टार्टरचा बोल्ट: गार.
काळी तार, बॅटरीकडचं टोक: गार.
मग कोपरापर्यंत हात इंजिनाच्या पोटाखाली,
जिथं माझा टॉर्चही कधी पोचला नव्हता,
आणि तिथून त्यानं बोट झटकन मागं ओढलं.

"इथं," तो म्हणाला.
बहिरी माणसं बोलतात तसं, खाडीपार ऐकू जाईल असं:
"लाल तारेची विचारपूस सगळे करतात.
जायला ती नीटच जाते.
घरी परतताना अडते."

मीटरचा एक काटा बॅटरीच्या काळ्या टोकाला,
दुसरा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला,
आणि किल्ली.
दोन व्होल्ट.
दोन अख्खे व्होल्ट वाटेतच बसून होते
जिथं शून्याला शून्य लागून असायला हवं.

बोल्ट सुटायला अर्धा तास लागला, आणि एक शिवी.
वॉशर बिस्किटासारखा मोडला.
कडीखाली खारट हिरवी भुकटी,
आणि भुकटीखाली रंग.
गुळगुळीत, जाड, दोन हात दिलेला रंग.

"लोखंडाला रंग लावून वर तार कोणी आवळली?"
मी पान्हा पुसत राहिले.

रुबेलिंदो पुंता आरेनासला निघाला त्या उन्हाळ्यात
इंजिन अख्खं रंगवून गेला होता.
नट रंगवले, पाइप रंगवले, डिपस्टिकची मूठसुद्धा.
जिथं कोणी बघणार नाही तिथंही रंग दिला होता त्यानं,
विशेषतः तिथं.
म्हणाला होता, दोन हंगाम.
हा पाचवा.

रंग मीच खरवडला, मासे साफ करायच्या सुरीनं,
लोखंड चांदीसारखं दिसेपर्यंत.
पापुद्रे नखात गेले.
नवा वॉशर, कडी, बोल्ट, वरून ग्रीस.
"रंग वरून," फ्रोइलान म्हणाला. "आतून नाही."

पहिल्याच किल्लीला ती उठली.
फ्रोइलाननं ऐकलं नाही;
तळव्याखालची फळी थरथरली तेव्हा त्यानं मान हलवली
आणि पैशांऐवजी शिंपल्यांची अर्धी बादली मागितली.
दोन्या एदुविना म्हणाली, भरती उतरतेय,
आता रडायचं तर वाटेत रड.
मी रडत नव्हते. धूर होता.

रविवारी त्याचा फोन आला.
बोट कशी आहे?
म्हटलं, लगेच सुरू होते.
म्हणाला, मी सांगितलंच होतं, चांगलं मशीन आहे.
नखातला हिरवा रंग मी दुसऱ्या हाताच्या नखानं काढत होते.
त्याबद्दल काही बोलले नाही.