एक जून

वाळपईहून पहाटेची कदंबा पकडून पणजीला आले.
पिशवीत दोन केळी, चष्मा, समन्स.
रजिस्टर शाळेने आधीच पाठवलं होतं,
टेबलावर ते माझ्याआधी येऊन बसलेलं.

वकील तरुण. विचारलं, हे अक्षर आपलं?
माझंच. ज चा पाय मी असाच लांब ओढते.
नाव नवसो. जन्मतारीख एक जून.

एक जूनच लिहायचे मी तेव्हा, सगळ्यांना.
डोंगरावरचं पोर, दाखला नाही, सुईण वारलेली,
आणि आई सांगायची, चवथीच्या आदल्या दिसा, बाई,
माटोळीक कांगलां हाडूंक रानांत गेल्लें,
थंयच पोटांत दुखूंक लागलें.
कांगलं कुठल्या रकान्यात भरायचं?
चवथीपर्यंत थांबलं तर वर्ष जाणार,
पोर गुरांमागे जाणार.
तीन महिने मी त्याला उसने दिले.

बारा जूनला सोड्याच्या गाड्यापाशी
त्याने सगुण माजीकवर कोयता चालवला.
सगुण आईवरून काही बोलला होता म्हणे, आणि हसला होता.
माझ्या अक्षरात नवसो तेव्हा सोळा वर्षं अकरा दिवसांचा,
कांगल्यांच्या हिशेबात सोळाला तीन महिने कमी.
अकरा दिवस खरे, तर मोठ्यांचं कोर्ट, मोठ्यांचा तुरुंग, कदाचित.
तीन महिने खरे, तर सुधारगृह,
सुतारकाम, आणि एक दिवस फाटक उघडं.

समज होती का त्याला, हेही विचारतात मग.
तीन घाव होते.
पहिल्याला राग म्हणता येतो.
तिसऱ्याला काय म्हणायचं, मला अजून सापडलेलं नाही.

दुसरीत त्याने एकाचं डोकं पाटीने फोडलं होतं.
मी दिवसभर उन्हात उभा केला.
दुसऱ्या दिवशी त्याने त्याच पोराला मारलं,
बरोब्बर पट्टीवर.
आणि चौथीत असताना दुपारचा पाव अर्धाच खायचा,
उरलेला चड्डीच्या खिशात, धाकट्या बहिणीला.
भाजीचे डाग पडायचे, त्याबद्दलही मी मारलंय.

आता समोर बसला होता,
कुणाच्या तरी निळ्या शर्टात, ओठावर कोवळी लव.
माझ्याकडे बघत नव्हता.
उलट्या बाजूने रजिस्टर वाचायचा प्रयत्न करत होता,
ओठ हलवत, मी शिकवलं तसं.

तारीख नक्की सांगता येईल?
अंदाजे, मी म्हटलं.
टायपिस्ट थांबली. अंदाजे असंच लिहू?

बाहेर व्हरांड्यात सगुणचा बाप.
बाई, म्हज्या पुताक कितलीं वर्सां जालीं,
तें कोणेंच विचारूंक ना.
मी तेवीस म्हणणार होते,
आणि थांबले.
त्याच रजिस्टरात, सात वर्षं मागे,
सगुण. एक जून.
बापाने त्या वेळी बोटं मोजून सांगितलं होतं काहीतरी,
मला घाई होती.
पेपरात आलेलं त्याचं वयही माझंच.

नवसोला आत ठेवा, असं म्हणायला या माणसासमोर
माझी जीभ तयार होती.
नवसोची आई जिन्यावर दिसली तेव्हा
तीच जीभ दुसरं काही बोलू लागली असती.
मी दोन्ही वेळा केळं सोलत बसले.

परतीची गाडी एकच.
पुढे सगुणचा बाप, खिडकीला डोकं टेकून.
मागे नवसोची आई आणि ती बहीण, पाववाली,
आता बरीच उंच झालेली.
मधे मी.

कंडक्टर त्यांच्यापाशी थांबला.
हिचें अर्दें तिकीट? कितलीं वर्सां?

आईने उत्तर दिलं नाही.
गर्दीतून वाट काढत
तिची नजर माझ्यापर्यंत आली.