भट्टीची दुरुस्ती

पाळकसाहेब, रागावू नका.
तेवीस वर्षं उद्यमनगरात क्युपोलावर आहे,
आगीबद्दल दोन शब्द बोलायचा
माझाही थोडा हक्क असावा.

रविवारी तुम्ही म्हणालात, न विझणारी आग.
मागच्या बाकावर बसून मी विचार करत होतो,
तिथं कोळसा कोण ओढतं?
आमच्याकडे दुपारी भंगार पडतं,
दिवेलागणीला माल निघतो,
पंपाची घरं, उसाच्या चरकाचे दात.
वितळवायचं ते काहीतरी घडवायला.
साचा न मांडता नुसतंच जाळत ठेवायचं,
असली फौंड्री आमचा मालकसुद्धा
एक पाळी चालू देणार नाही,
आणि तो काही दयाळू माणूस नव्हे.

केरबा चौगुलेला तुम्ही ओळखत नव्हता.
कपाळाला जोतिबाचा गुलाल, तोंडात शिवी.
लॅडलची कडी तुटली तेव्हा
त्यानं मला ढकललं.
ढकलायला लागतो तेवढ्या वेळात
माणसाला कुठला धर्म आठवणार?

सीपीआरमध्ये नऊ दिवस.
चादर टेकू नये म्हणून अंगावर लोखंडी कमान.
शालन पुठ्ठ्यानं वारा घालायची,
तर वाराही त्याला लागायचा.
पाचव्या दिवसापर्यंत मी मागितलं, वाचव.
सहाव्यापासून मागितलं, सोडव.
सख्ख्या भावाशी अकरा वर्षं अबोला धरणारा मी,
त्या मलाही नऊ दिवस पुरे झाले.
आणि ज्याला तुम्ही प्रीती म्हणता
त्याला नऊ हजार वर्षांनीही
पुरे वाटणार नाही?

उशीर झाला तर अर्धा खाडा.
साचा बिघडवला तर आठवड्याचा पगार.
साठ वर्षांत माणूस बिघडवून बिघडवून किती बिघडवेल?
पुष्कळ.
पण कुठल्यातरी वहीत मावेल एवढंच.

समजा, मी वर पोचलो. पांढरी वस्त्रं, मेजवानी.
खालून केरबाची हाक आली तर घास उतरेल?
हाक ऐकूच येणार नाही, म्हणता.
आठवणही पुसली जाईल, म्हणता.
मग मेजावर बसलेला तो कोण?
केरबानं ढकलला, तो मी तर नव्हे.

प्रार्थनेच्या चिठ्ठीत त्याचं नाव लिहिलं होतं.
तुम्ही घडी घालून परत दिलीत,
कुणाला दिसू नये अशी, हळूच.
तुमचा हात थरथरला. मी पाहिलं.
चिठ्ठी अजून खिशात आहे, घामानं शाई फुटलीय.

सोमवारी भट्टी बंद.
तळ उघडून मी आत उतरतो,
भिंतीला धरलेली मळी फोडतो,
वीट झिजली तिथं माती थापतो.
आत गार असतं. मान वर केली
तर रुपयाएवढं आभाळ.

दर रविवारी आपण म्हणतो,
तो अधोलोकात उतरला.
तुम्ही ती ओळ भरभर म्हणता.
मी तिथं अडकतो.
उतरला, तर कशाला उतरला असेल, साहेब?
नुसतं बघून यायला?

मी उतरतो तेव्हा
माझ्या हातात हातोडा असतो.