रिजेक्शनच्या वहीची मागची पानं

आमचं काम ठोकायचं आणि ऐकायचं.
शिरोलीच्या शेडमध्ये बावीस वर्षं
ब्रेक ड्रमवर हातोडी मारतोय.
टण्ण वाजला की पांढरा खडू.
थप्प वाजला की लाल.
मध्ये काही नसतं, असं मी नव्या पोरांना सांगतो,
आणि ते खरं नाही.

रात्रपाळीला तीन ते सव्वातीन चहा.
तेवढ्यात मुबीन शिकलगार मोबाईल काढतो,
म्हणतो, घे, हा पण तपास.

शेतीचा खेळ. चार मिनिटांत ऊस तोडणीला.
ना मुकादमाला उचल, ना कारखान्याची तारीख,
काट्यावर कुणी बोटसुद्धा ठेवत नाही.
बांधावरचा शेजारी हात हलवून हसतो!
मुबीननं हसून हसून चहा सांडला.
खोटं आहे, आणि फार गोड आहे.
पण पाणी सोडल्यावर माती सावकाश काळी होत जाते,
ते ज्यानं केलं त्यानं पाट बघितलेला आहे.
पांढरा खडू, काठावर.

बसचा. वळण गगनबावड्याला शोभेल असं,
चढाला इंजिन दमतं तेही बरोबर.
प्रवासी सगळे एका तोंडाचे.
कुणाला उलटी होत नाही.

गोळ्या फोडायचा. रंग छान, कुठं खरखर नाही,
पण पाच डाव हरलास की दारात उभा करतो:
अर्ध्या तासानं ये, नाहीतर पैसे काढ.
भाड्यानं सायकल देणारे बाबूमामा पण असेच होते,
ते निदान हवा भरून द्यायचे.

रमीचा.
चित्र, वेग, आवाज, सगळं टण्ण.
पहिल्या दिवशी आपणहून पन्नास रुपये देतो.
भेग आत असलेला माल तो हाच.
डिस्पॅचच्या दिलीप चौगुलेचा आधी पगार गेला,
मग बायकोची बोरमाळ,
मग डिस्पॅचला दुसरा माणूस आला.
लाल. दोन्ही बाजूंनी. खडू मोडेपर्यंत.

आता अश्लेषाचा.
पोरगी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला.
ती उठते तेव्हा मी झोपतो.
तिनं केलाय खेळ: लॅडल तिरकी करायची,
रस थंड व्हायच्या आत साचा भरायचा.
'पप्पा, तुम्ही तपासा. बापासारखं नको, कामासारखं.'

तर कामासारखं.
रस इतका पिवळा नको, पांढऱ्याकडं झुकू दे.
चुकलं की नुसता पडदा काळा, पुन्हा सुरू.
मुबीनकाकाचा डावा पाय आठव.
ओतणारा माणूस फार ताठ उभा आहे,
कमरेत थोडा वाकव. माझ्याकडं बघ.

साचा भरला की जिंकल्याचा आवाज येतो,
आणि तो माझ्या हातोडीचा आहे.
कधी घेतलास गं? डबा द्यायला आलीस त्या दिवशी?
मुबीन म्हणाला, वा! पोरं म्हणाली, वा!
मी तीनदा खेळलो.
चौथ्यांदा फोन कानाला लावून.

थप्प.

बारीक, शेवटी जरासा बसणारा,
तडा गेलेल्या ड्रमचा.
बावीस वर्षांच्या कानाशिवाय कुणाला कळायचं नाही,
खेळणाऱ्याला तर नाहीच.

वहीत एक ओळ मोकळी सोडली.
दोन्ही खडू खिशात घालून चार रात्री फिरलो.
मग लिहिलं तिला: खेळ पास. आवाज नापास.
जागीच होती.
उलट उत्तर आलं: मग खरा कुठला?

तीन वाजून दहा.
मुबीनला ब्लोअर बंद करायला लावला.
पांढऱ्या रांगेतला एक ड्रम साखळीला टांगला,
हलायचा थांबेपर्यंत थांबलो,
मोबाईल जवळ धरला
आणि मारली.