दोन खिळे

पेटीवरचा कागद वाळवीनं खाल्लेला.
कुठल्याशा डेपोतून शिल्लक म्हणून आलेली
सलामीची काडतुसं. बुडाशी भिंग धरलं तर
एक बाण, एक फुली, सालाचे दोन आकडे,
दुसरा तीन की आठ, कळेना.
पितळ मात्र काल घासल्यासारखं.
तडवी म्हणाला, मॅडम, चांगलीच दिसतात की.

दिसतात.

एकाचं तोंड उचकटून दारू कागदावर ओतली,
रिकामं नळकांडं रायफलीत घालून
नुसती टोपी उडवली, खिळ्यावर.
दुसरा खिळा कोरा.
दोन्ही ठेवले शस्त्रागाराच्या खिडकीत,
खाडीचा वारा येतो त्या बाजूला.
चिठ्ठी: हात लावू नये.

खिळे बोलायच्या आतच दुपारी हुकूम आला.
नाकाबंदीत गेलेल्या हवालदार शिंगाड्यांना तीन फैरी,
कळव्याच्या स्मशानात.
पेटी हीच होती.

रात्री नऊला दहा रायफली परत आल्या.
तडवीचे डोळे सुजलेले. त्याला नाकाबंदी
शिंगाड्यांनीच शिकवली होती.
कुणी सांगायच्या आत त्यानं दहाही नळ्यांत
तेल ओढलं, पुलथ्रू घालून, पुन्हा पुन्हा.
बघा मॅडम, आरसा.

मी खिडकीशी गेले.
कोरा खिळा कोराच.
दुसऱ्याला घाम फुटलेला, डोक्याखाली तांबूस.

माझा बाप घणसोलीच्या मिठागरात राबला.
टाचांच्या भेगांत मीठ घेऊन घरी यायचा.
आई तेलाची वाटी पुढे करायची
आणि तो पाय मागे घ्यायचा.
आधी पानी ताप.
मीठ पान्यानशी आयलं, पान्यानच जाल.
तेलाखाली ते बसून राहतं, म्हणायचा,
पाहुण्यासारखं, जेवत.

ही टोपी फुटते तेव्हा मागे मीठच राहतं,
भाजीतल्या मिठाचा चुलतभाऊ.
हवेतलं पाणी पितं, लोखंड खातं.
आणि ठाण्यात हवेला काय तोटा.

कँटीनमधून चहाचं मोठं पातेलं आणलं.
बोल्ट काढ. नरसाळं मागून लाव.
कढत पाणी, घाई नको.
पहिलं पाणी करडं आलं, दुसरं कमी करडं.
नळी हाताला चटका देईपर्यंत ओत,
मग ती आपली आपण सुकते.
बोल्टचं तोंड विसरू नकोस, पिनही.
तेल सगळ्यात शेवटी.

पाचव्या रायफलीला तो थांबला.
नळीच्या टोकातून पाणी ठिबकत होतं
आणि तो बघत उभा.
मी काही बोलले नाही. पातेलं पुन्हा चढवलं.

पुढचे तीन दिवस रोज सकाळी
चिंधी घालून काढली.
पहिल्या दिवशी चहाच्या डागाएवढं तांबडं, दोन नळ्यांत.
तिसऱ्या दिवशी पांढरी आली.
तडवीनं ती घडी करून खिशात ठेवली,
मला दिसलं नाही असं समजून.

रजिस्टरात लिहिलं: दहा, साफ.
उरलेल्या पेटीवर खडूनं मोठ्या अक्षरात:
खारट.